दौलताबादचा उतारा

इंग्रजीच्या परीक्षेत सगळ्यांत कमी चर्चा होते ती उताऱ्याच्या निवडीची. प्रश्न सोपे होते की अवघड, व्याकरण नेहमीचं होतं की फिरवून विचारलं होतं, यावर पेपर सुटल्यावर केंद्राच्या फाटकाबाहेर तावातावानं बोललं जातं. उतारा कसा होता, हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण दोन उताऱ्यांवर असतात. एक पाठ्यपुस्तकातला, दुसरा बाहेरचा. तीन तासांच्या त्या बैठकीत विद्यार्थी काही नवं वाचतो ते या बाहेरच्या उताऱ्यातच. म्हणून तो वाचण्याच्या लायकीचा असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी असा उतारा शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्यातली घटना दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात घडलेली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या, आत्मकथनपर इंग्रजी लेखनाचा हा चौथा भाग. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लिहिलेलं हे लेखन त्यांच्या हयातीत पुस्तकरूपानं आलं नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० मध्ये पुस्तिका म्हणून छापलं आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ मालेच्या बाराव्या खंडात ते समाविष्ट झालं. लेखनाच्या आरंभीच लेखक सांगतो, की अस्पृश्यता आहे हे परदेशी माणसाला ऐकून माहीत असतं. ती माणसाला कशी दडपते हे मात्र लांबून उमगत नाही. म्हणून तो प्रसंग सांगणार आहे. हा हेतू लक्षात ठेवला, की या गद्याची ठेवण कळते. वाचक दूरचा आहे आणि त्याला इथलं काहीच ठाऊक नाही, असं गृहीत धरून प्रत्येक वाक्य बेतलेलं आहे.

प्रसंग १९३४ चा. चळवळीतल्या सहकाऱ्यांना सहलीला जायचं होतं, वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. बाबासाहेब बरोबर येणार असतील तरच जाऊ, असं त्यांचं म्हणणं. नाशिकहून बस आणि मोटारी भाड्यानं घेऊन सुमारे ३० जण येवल्यामार्गे निघाले. वाट निजामाच्या राज्यातून जात होती. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय सोसावं लागतं हे ठाऊक असल्यामुळे सहलीचा गाजावाजा मुद्दामच केला नव्हता. दौलताबादच्या वेशीवर मात्र आपली माणसं वाट पाहत थांबली होती. आधी चहा-फराळ घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. चहा हवाच होता, पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहायचा होता. परतताना चहा घेऊ, असं सांगून मंडळी पुढे गेली. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं काठोकाठ भरलेलं छोटं टाकं होतं, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या काहींनी तिथे तोंड आणि पाय धुतले. दाराशी परवानगीची चौकशी चालू असतानाच एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, की यांनी पाणी बाटवलं. जमाव जमला. शिवीगाळ सुरू झाली.

आता कृतिपत्रिकेचा क्रम घेऊ. प्रत्येक उताऱ्याखाली सहा कृती असतात, दोन-दोन गुणांच्या. पहिली एकूण आकलनाची, दुसरी तपशिलांची, तिसरी अनुमानाची, चौथी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मताची, पाचवी भाषाभ्यासाची म्हणजे व्याकरणाची, सहावी शब्दसंपत्तीची. क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. बहुतेक उताऱ्यांच्या बाबतीत मात्र चौथ्या कृतीनंतर वाचन संपतं आणि उरलेल्या दोन कृती केवळ गुणांपुरत्या उरतात. दौलताबादच्या या दोन पानांत तसं होत नाही. इथे पाचव्या आणि सहाव्या कृतीतच मजकुराचं मर्म सापडतं.

पहिल्या दोन कृतींसाठी उतारा किती सोयीचा आहे, ते आधी पाहू. दौलताबाद कुठे आहे, कोणाच्या राज्यात आहे, एके काळी रामदेवरायाची राजधानी कशी होती, महिना कोणता होता, टाकं दाराच्या आत की बाहेर, सगळं जागच्या जागी सांगितलेलं आहे. वाचणाऱ्याला बाहेरून काही आणावं लागत नाही. घटनांचा क्रम लावा, म्हटलं तर तो एका वाचनात लागतो. ‘ॲकॉर्डिंगली’ हा जोडशब्द या पानांत पुन्हा पुन्हा येतो. ठरलं, त्यानुसार निघालो. सांगितलं, त्यानुसार पुढे गेलो. नीट आखलेल्या, कायदा जाणणाऱ्या माणसाच्या सहलीची ही लय आहे. टाक्यापाशी मात्र ती मोडते. तिथे लेखक सांगतो, की फारसा विचार न करता काहींनी पाणी वापरलं. सगळं योजून करणाऱ्या माणसांच्या हातून एकच गोष्ट न योजता घडली, आणि ती म्हणजे तोंड धुणं. तपशिलाचा प्रश्न सोडवणाऱ्या विद्यार्थ्यानं इथे क्षणभर थांबावं. धुळीनं भरलेल्या माणसानं पाणी दिसताच तोंड धुवावं, यासाठी विचार करावा लागणं हीच या उताऱ्यातली खरी वस्तुस्थिती आहे. लेखकानं ती आक्रोश न करता, तपशिलाच्या रांगेतच मांडली आहे.

तिसरी कृती अनुमानाची, आणि तिच्यासाठी लेखकानं जागा मोकळी ठेवलेली आहे. पहारेकरी नाव विचारतो. लेखक कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून देतो. कागद आत अधिकाऱ्याकडे जातो आणि परवानगी येते. कागदावर काय लिहिलं होतं, ते उताऱ्यात नाही. नावामुळे परवानगी मिळाली, असंही लेखक कुठे म्हणत नाही. पण हा माणूस १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंसह पाणी प्यायला होता, लंडनच्या गोलमेज परिषदेत बसला होता, १९३२ चा पुणे करार त्याच्या सहीनं झाला होता. हे सगळं त्या कागदाच्या तुकड्यामागे उभं आहे आणि लेखकानं त्यातलं अक्षरही वापरलेलं नाही. उतारा निनावी म्हणून दिला, तरी वाचणाऱ्याला हे कळावं की त्या नावात काही वजन होतं. आणि लगेच हेही कळावं, की ते वजन दार उघडण्यापुरतंच पुरलं. किल्ल्यात जा, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, अशी अट आली. ती पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. अनुमानाचा प्रश्न याहून चांगला कुठे मिळणार?

चौथी कृती शेवटाकडे घेऊ. आता पाचवी. व्याकरणाच्या प्रश्नांत प्रत्यक्ष कथनाचं अप्रत्यक्ष करा, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न. अवतरणचिन्हं काढा, ‘दॅट’ घाला, काळ एक पायरी मागे न्या. मुलं हे यंत्रासारखं करतात. या उताऱ्यात कोणाचं बोलणं प्रत्यक्ष आहे आणि कोणाचं अप्रत्यक्ष, याची यादी करून पाहा. ओरडत येणाऱ्या वृद्धाचं बोलणं अवतरणात, जसंच्या तसं. जमावाच्या धमक्या अवतरणात. स्थानिक अस्पृश्यांना दरडावून विचारलेला सवालही अवतरणात. आम्ही बाहेरचे, इथली रीत आम्हाला ठाऊक नव्हती, हे पाहुण्यांचं उत्तर मात्र अप्रत्यक्ष कथनात येतं. आमचा यात दोष नाही, हे स्थानिकांचं गाऱ्हाणंही अप्रत्यक्ष कथनातच. ज्यांच्या हातात बळ आहे त्यांचा आवाज पानावर थेट उमटतो. ज्यांना स्पष्टीकरण द्यावं लागतं त्यांचा आवाज कोणीतरी सांगितल्यासारखा, दबलेला येतो. कोण ऐकलं जात होतं आणि कोण नाही, हे लेखकानं वाक्यांच्या बांधणीतूनच दाखवलं आहे.

मग वळण येतं. जमावातला एक तरुण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतो, की ज्यानं त्यानं आपापल्या धर्माप्रमाणे वागावं. हे बोलणं लेखक अप्रत्यक्ष करून टाकतो. आणि त्याला दिलेलं उत्तर, स्वतःचे दोन प्रश्न, अवतरणात ठेवतो. उताऱ्याचा तोल या ठिकाणी पालटतो. इथवरच्या कथनात बहुतेक सगळीकडे ‘आम्ही’ आहे: आम्ही निघालो, आम्हाला चहा हवा होता, आम्ही स्वतःला आवरलं. संयम हा साऱ्यांचा होता. तो सुटल्यावर ‘मी’ पुढे येतो. कर्ता बदलतो, कथनाचा प्रकार बदलतो आणि विधानाच्या जागी प्रश्न येतो. तीन बदल एकाच वेळी. व्याकरण शिकवणाऱ्यानं फळ्यावर लिहून दाखवावी अशी ही जागा आहे.

त्या दोन प्रश्नांची रचना पाहा. पहिला थेट आहे: तुमचा धर्म हेच शिकवतो का? दुसरा संकेतार्थी: समजा, हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्याला तुम्ही हे पाणी घेऊ देणार नाही का? इंग्रजीत ‘इफ’ आणि ‘वुड’ची ही जोडी बारावीच्या मुलांनी पाठ केलेली असते. अट खरी नाही, केवळ कल्पनेतली आहे, एवढं ते रूप सांगतं. इथे त्या रूपानं केवढं काम केलं! माणूस तोच, हात तेच, धूळ तीच, पाणीही तेच. अटीतली एकच गोष्ट बदलली आणि बंदी हवेत विरली. मग बंदी पाण्याच्या शुद्धतेची कशी? तरुण ‘धर्म’ म्हणत होता. प्रश्नानं त्याच्याच धर्माची समता त्याच्यापुढे ठेवली. आरोप केला असता तर त्याला उत्तर मिळालं असतं, शिवी दिली असती तर दगड आला असता. संकेतार्थी प्रश्नाला जमावाकडे उत्तर नव्हतं. ते गप्प उभे राहिले, एवढंच लेखक नोंदवतो. हाच प्रश्न अप्रत्यक्ष कथनात बदलायला विद्यार्थ्याला सांगा. गुण मिळतील, पण वाक्यातला संताप कुठे गेला हे त्यालाच जाणवेल. या एका कृतीतून वाक्यप्रकारांचं मोल त्याला आयुष्यभरासाठी कळेल.

आणखी एक रूप राहिलं, कर्मणी प्रयोग. अधिकाऱ्याची आज्ञा येते ती कर्मणीत: आम्हाला सांगण्यात आलं, शिपायाला हुकूम देण्यात आला. जमावाला चेहरे आहेत, पांढऱ्या दाढीचा वृद्ध आहे, तरुण आहे. आतल्या अधिकाऱ्याला चेहरा नाही. तो दिसत नाही, बोलत नाही. त्याचा हुकूम तेवढा बाहेर येतो. रस्त्यावरचा द्वेष ओरडतो आणि कचेरीतला द्वेष कर्ता गाळून बोलतो, हा फरक इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी दाखवला असेल.

सहाव्या कृतीत शब्द येतात. धूळ, चहा, टाकं, फरसबंदी, दार, कागद, शिपाई. शब्दकोश उघडावा लागेल असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. कोलंबिया आणि लंडन इथे डॉक्टरेटपर्यंत पोचलेल्या माणसानं इतकं साधं लिहिलं, कारण दूरच्या वाचकाला अडखळू द्यायचं नव्हतं. विशेषणं तर फारच थोडी. शिवीगाळ किती हीन होती हे एका विशेषणात आटोपतं. किल्ल्याच्या वाट्यालाही एखाद-दुसरंच येतं. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त हलवून जाते. चहा टाळून, उजेड आहे तोवर पाहायला म्हणून ज्या किल्ल्याकडे मंडळी धावली, तो किल्ला उताऱ्यात दिसतच नाही. कातळात खोदलेला खंदक नाही, अंधारी वाट नाही, वरची बारादरी नाही. परतताना घ्यायचा चहाही पुन्हा येत नाही. आत काय पाहिलं हे लेखक सांगत नाही, कारण पाण्याला हात लावू नये म्हणून मागे हत्यार घेऊन चालणारा शिपाई असताना पाहण्यासारखं तेवढंच उरतं.

या लेखनाचा मूळ वाचक परदेशी आहे. म्हणून आपल्या मंडळाबाहेरची एक मोठी परीक्षाही या उताऱ्याला लावून पाहावी. चीनमध्ये विद्यापीठप्रवेशासाठी ‘गाओकाओ’ होते. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली ही परीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा, दोन तासांचा. नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, भाषावापराला ३० आणि लेखनाला ४० गुण आहेत. भाषावापराच्या पहिल्या भागात गोष्टीवजा उताऱ्यातले १५ शब्द गाळतात आणि प्रत्येक जागेसाठी चार पर्याय देतात. ही ‘क्लोझ’ पद्धत विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकानं १९५३ मध्ये मांडली, ती मुळात विद्यार्थी मोजायला नव्हे, तर मजकूर किती सुगम आहे हे मोजायला. चांगल्या क्लोझमध्ये चारही पर्याय व्याकरणात बसतात. योग्य कोणता, ते पुढचीमागची वाक्यं ठरवतात. दौलताबादच्या उताऱ्यात असे शब्द जागोजाग आहेत. पाहुण्यांनी स्वतःला ‘आवरलं’ हे क्रियापद गाळा. तिथे वाचवलं, फसवलं, कोसलं, काहीही बसेल. बरोबर उत्तर सापडायला त्याआधीचं दंगलीचं भय आणि त्यानंतरचा खटल्याचा विचार दोन्ही वाचावे लागतात. शब्दसंपत्ती आणि आकलन इथे एकच होऊन जातात.

गाओकाओच्या लेखनविभागात २५ गुणांची एक अवघड कृती आहे. अर्धवट गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात आणि सुमारे १५० शब्दांत विद्यार्थी गोष्ट पूर्ण करतो. आपला उतारा त्या दोन प्रश्नांनंतरच्या शांततेपाशी तोडा. पुढचा पहिला परिच्छेद पहारेकऱ्यापासून सुरू करा, दुसरा किल्ल्याच्या आत. गान्सूतली किंवा युन्नानमधली अठरा वर्षांची मुलगी काय लिहील? बहुधा वृद्ध माणूस ओशाळेल, पाण्याचा तांब्या पुढे करेल, सगळे मिळून बारादरीवर जातील. चांगल्या मनाचा, चांगल्या इंग्रजीतला शेवट. मग तिला मूळ शेवट वाचायला द्यावा. गप्प झालेला जमाव बदललेला नसतो. निरुत्तर झालेली सत्ता दार उघडते, पण पाणी देत नाही. हे कल्पनेला सुचत नाही, ते सोसलेल्या माणसालाच लिहिता येतं. आपल्या चौथ्या कृतीत, वैयक्तिक मताच्या दोन गुणांत, याच जागेवर प्रश्न विचारता येईल: तुम्ही त्या जमावात असता तर काय बोलला असता? चिनी पद्धत गोष्ट पुढे न्यायला लावते, आपली पद्धत मत मागते. या उताऱ्यावर दोन्ही शोभतात.

या भागाच्या अखेरीस लेखक आपला निष्कर्ष सांगतो: हिंदूला जो अस्पृश्य, तो पारश्यालाही अस्पृश्य आणि मुसलमानालाही. आधीच्या भागांत गोरेगावकडच्या लहानपणीच्या प्रवासात हिंदूंनी, बडोद्याच्या धर्मशाळेत पारशांनी काय केलं हे येऊन गेलेलं असतं. म्हणून दौलताबादचा प्रसंग सुटा काढून एका समाजावर रोखणारा वाचक उतारा अर्धाच वाचतो. प्रश्नपत्रिकेत देताना परीक्षकानं हा निष्कर्ष वगळू नये. तो वगळला तर आकलनाचा पाया जातो.

हे गद्य लिहिणारा माणूस स्वतः अशाच एका परीक्षेच्या दारातून गेला होता. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून तो मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक उत्तीर्ण झाला. विद्यापीठात शिरायची ती परीक्षा होती, आणि इंग्रजी आल्याशिवाय तिच्यातून पार होता येत नव्हतं. संस्कृत शिकायचं होतं, ते मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. टाक्यापाशी ज्या वाक्यानं जमाव गप्प झाला, ते पानावर इतकं नेमकं उतरवण्याची ताकद त्या शिक्षणातून आली. दौलताबादच्या त्या प्रसंगानंतर १६ वर्षांनी, १९५० मध्ये, त्यानंच औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं, आजचं मिलिंद. मराठवाड्यातल्या ज्या मुलांना कोणी आत घेत नव्हतं, त्यांना तिथे प्रवेश मिळाला.

छत्रपती संभाजीनगर विभागातल्या केंद्रांवर दर फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलं इंग्रजीच्या पेपरला बसतात. वाक्य बदला, प्रयोग बदला, काळ बदला, हे त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं, आणि हे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. दौलताबादचा उतारा त्याला उत्तर देतो. प्रत्यक्ष कथन कोणाला मिळतं, कर्मणी प्रयोगाआड कोण लपतं, संकेतार्थी प्रश्न कोणाला निरुत्तर करतो, हे ज्याला वाचता येतं त्याला आपल्यावर लादलेलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. भाषेच्या परीक्षेनं मोजावी अशी याहून मोठी क्षमता मला दिसत नाही.